बेडकाच्या निमित्ताने

बेडूक पाळावा की पाळू नये, हा प्रश्न एखाद्या साहित्यिक वार्षिकात चर्चेला घ्यावा इतका मोठा आहे काय, अशी शंका वाचकांना येणे साहजिक आहे. आपल्या समाजापुढे शिक्षणाचे, रोजगाराचे, भाषेचे, स्त्रियांच्या हक्कांचे प्रश्न उभे आहेत. सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. त्यावरचे आपले बोलणे अजून संपलेले नाही. अशा गर्दीत बेडूक कुठून आला? पण आम्ही शाळेत शिकवणारी माणसे. मोठे प्रश्न आमच्याकडे लहान होऊनच येतात. दुर्बलावर बलवानाचा हक्क किती, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न दहा-अकरा वर्षांचा मुलगा त्या शब्दांत विचारत नाही. तो प्लास्टिकच्या बरणीत बेडूक घालून वर्गात आणतो, झाकणाला खिळ्याने पाडलेली भोके अभिमानाने दाखवतो आणि विचारतो, "सर, इसको पाल सकते क्या?"

उर्दू शाळेत हा प्रश्न दरवर्षी पावसाळ्यात येतो. त्याला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर देऊन पुढचा धडा घेता येतो. पण त्या एका शब्दामागे काय काय आहे, याचा विचार केला तर आपला दीन, आपले विज्ञान आणि आपले गाव या तिन्हींपर्यंत जावे लागते. तोच विचार इथे मांडण्याचा प्रयत्न आहे.

आमचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके. पैनगंगा, अडाण, अरुणावती, काटेपूर्णा या नद्या. आणि खरिपात नजर जाईल तिथवर सोयाबीन. उन्हाळ्यात नाले कोरडेठाक पडतात, जमिनीला भेगा जातात. तेव्हा बेडूक नावाचा प्राणी या मुलखात आहे, हेही कुणाच्या लक्षात राहत नाही. मृगाच्या सरी बरसल्या, बांधाला पाणी साचले की एका रात्रीत सारे शिवार बोलू लागते. जमिनीखाली महिनोन्‌महिने पडून असलेले जीव वर येतात. एरवी मातकट-हिरवा दिसणारा मोठा बेडूक विणीच्या दिवसांत पिवळाधमक होतो, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवतो आणि मादीला साद घालतो. अंगावर खडबडीत गाठी असलेला भेक घराच्या उंबऱ्याशी येऊन बसतो. बोटांना चिकट गाद्या असलेला झाडावरचा बेडूक न्हाणीघराच्या भिंतीला चिकटलेला सापडतो.

म्हणजे आमच्या मुलांना बेडूक बाजारातून आणावा लागत नाही. मोठ्या शहरांतील हौशी लोक परदेशी जातीचे रंगीत बेडूक विकत घेतात, त्यांच्यासाठी काचेची पेटी, दिवे, फवारे यांवर खर्च करतात. मोहल्ल्यातल्या गरीब मुलाला पोपट परवडत नाही, मासे परवडत नाहीत, कुत्रा घरात चालत नाही. बेडूक मात्र फुकट मिळतो. आमच्या मते या प्रश्नाची खरी मेख इथेच आहे. ज्याला किंमत नाही त्याला मालक नाही, आणि ज्याला मालक नाही त्याचे काहीही करावे, असे आपण नकळत धरून चालतो. शेजाऱ्याची कोंबडी बरणीत कोंबण्याची कुणाची हिंमत होणार नाही. बेडकाच्या बाजूने भांडायला कुणी येत नाही. पण मुसलमानाने तरी कोणताही जीव बेवारस मानू नये. सूरह अनआमच्या ३८ व्या आयतीत जमिनीवर चालणारे जीव आणि पंखांनी उडणारे पक्षी या आपल्यासारख्याच उम्मती असल्याचे सांगितले आहे. उम्मत म्हटली की तिचे हक्क आले आणि त्या हक्कांचा हिशेबही आला.

बेडकाविषयी तर आपल्याकडे स्पष्ट हदीस आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहात आलेल्या रिवायतीनुसार एका वैद्याने औषधात बेडूक वापरण्याविषयी विचारले असता प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याला मारण्यास मनाई केली. या हदीसच्या आधारे हनफी, शाफई आणि हंबली फकीह बेडूक खाणे नाजायज मानतात. मालिकी मताप्रमाणे ते चालते. मदरशात जाणाऱ्या मुलाला इतके माहीत असते. नमरूदने हजरत इब्राहीम (अ.) यांच्यासाठी पेटवलेली आग विझवायला बेडूक धावला, ही कथाही त्याने आजीकडून ऐकलेली असते. त्यामुळे आमचा मुलगा बेडूक मारत नाही. तो म्हणतो, "सर, मारना मना है, पालना तो मना नहीं." तर्क बिनतोड वाटतो. मारायला बंदी आहे, मग जपायला काय हरकत?

हरकत आहे की नाही हे ठरवण्यासाठी आणखी तीन हदीस शेजारी ठेवून पाहाव्या लागतात. पहिली अबू उमैर यांची. हजरत अनस बिन मालिक (रजि.) यांचे हे धाकटे भाऊ. त्यांच्याजवळ एक लहानसा पक्षी होता आणि ते त्याच्याशी खेळत. प्रेषित (स.) घरी आले की त्या पक्ष्याची चौकशी करून मुलाशी लाडाने बोलत. पक्षी मेला, तेव्हा त्या हिरमुसल्या मुलाचीही त्यांनी विचारपूस केली. चौथ्या हिजरी शतकातील विद्वान इब्नुल कास तबरी यांनी या छोट्याशा हदीसमधून साठाहून अधिक मसले काढून दाखवले. मुलाने पक्षी जवळ ठेवला तरी त्याला रागावले गेले नाही, यावरून नीट काळजी घेतली तर पक्षी पाळता येतो, असे अनेक फकीहांनी म्हटले आहे.

दुसरी हदीस त्या स्त्रीची, जिने मांजर कोंडून ठेवले आणि ते उपाशी मेले. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. तिला शिक्षा का झाली, ते नीट वाचावे. तिने मांजराला खाऊ घातले नाही, आणि जमिनीवरचे किडेमकोडे खायला मोकळेही सोडले नाही. म्हणजे माणसापुढे दोनच मार्ग ठेवले आहेत: पोटभर खाऊ घाला, नाहीतर त्याला त्याच्या रिज्काकडे जाऊ द्या. तिसरी हदीस अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांनी सांगितलेली. प्रवासात काही सोबत्यांनी एका पाखराची दोन पिले उचलली. आई वर घिरट्या घालू लागली. प्रेषितांनी (स.) विचारले की हिला पिलांवरून कुणी दुखावले, आणि पिले परत ठेवायला लावली. त्या सोबत्यांनी पिलांना मारले नव्हते, छळले नव्हते. कदाचित कौतुकानेच उचलले असेल. तरीही ती परत गेली.

या तिन्ही हदीस एकत्र वाचल्या तर पाळण्याला सरसकट बंदी दिसत नाही आणि सरसकट मुभाही दिसत नाही. आपण उचललेल्या जिवाचे काय हिरावले गेले आणि ते आपण भरून देऊ शकतो काय, यावर सारे अवलंबून आहे. अबू उमैर यांचे पाखरू हातावर दाणे खाऊन जगू शकत होते. बेडकाचे काय? इथे फतवा संपतो आणि अभ्यास सुरू होतो. ज्या जिवाची गरज आपल्याला माहीतच नाही, त्याचा हक्क अदा करू असे आपण कशाच्या बळावर म्हणणार? प्रेम आहे म्हणून हक्क आपोआप अदा होत नाही.

बेडकाची गरज समजून घेऊ. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीने पाणी शोषतो. फुप्फुसे असली तरी श्वासाचा बराच भार त्याच्या ओल्या कातडीवर असतो. कातडी सुकली की जीव गेला. त्या कातडीला आपल्यासारखे कवच नाही. बाहेर जे असेल ते आत शिरते. वाशीम शहराला एकबुर्जी प्रकल्पाचे पाणी शुद्ध करून नळाने येते. त्यातले क्लोरीन आपल्याला रोगापासून वाचवते, बेडकाला मात्र ते बाधते. आपल्या हाताचा घाम, साबण, तेल, मच्छर पळवायचे मलम, सारे त्या कातडीतून त्याच्या अंगात जाते. मुलगा ज्याला मायेने कुरवाळणे म्हणतो, ते बेडकाच्या कातडीला सोसत नाही.

खाण्याची गोष्ट याहून विचार करण्यासारखी. बेडकाला हलणारे भक्ष्यच भक्ष्य म्हणून दिसते. १९५९ मध्ये अमेरिकेतील काही शास्त्रज्ञांनी बेडकाच्या डोळ्यावर केलेला अभ्यास जगभर गाजला. न हलणाऱ्या अन्नाच्या ढिगात बसूनही बेडूक उपाशी मरू शकतो, असे त्यात दिसले. भाकरीचा तुकडा, भात, बिस्किटाचा चुरा त्याच्यासमोर टाकून मुलगा समाधानाने झोपतो. "सर, उसको खाना दिया, वो खाताच नहीं." बेडूक रुसलेला नसतो. त्याच्या दृष्टीने तिथे अन्नच नसते. मांजरवाल्या स्त्रीने अन्न दिले नाही. आमच्या मुलाने दिले, पण जे दिले ते त्या जिवाचे अन्न नव्हते. हेतूत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि अल्लाह हेतू पाहतो. पण बरणीतल्या बेडकाची भूक दोन्हीकडे सारखीच.

तेव्हा नवशिक्या मुलाला आम्ही आधी हिशेब करायला सांगतो. बेडूक घरात ठेवायचा तर एक रुंद, हवेशीर, जाळीच्या झाकणाची पेटी लागेल. तळाला ओली माती, त्यात लपायला खापर किंवा पालापाचोळा, एका बाजूला उथळ पाणी. ते पाणी पावसाचे किंवा विहिरीचे; नळाचे असेल तर उघड्या भांड्यात दिवस-रात्र ठेवलेले, आणि दररोज बदललेले. उन्हात ठेवायचे नाही, पंख्याखाली ठेवायचे नाही. लहान-मोठे बेडूक एकत्र ठेवायचे नाहीत, कारण मोठा बेडूक लहानग्याला गिळतो. जिवंत नाकतोडे, झुरळे, गांडुळे दररोज पकडून आणायची. फवारणी झालेल्या शेतातले किडे चालणार नाहीत. हात लावायचाच झाला तर स्वच्छ पाण्याने ओला करून, आणि नंतर साबणाने हात धुवायचे, कारण बेडकाच्या अंगावरचे जंतू माणसाला आजारी पाडू शकतात. भेकाच्या डोळ्यांमागच्या गाठींत विष असते, ते डोळ्यात-तोंडात जाऊ द्यायचे नाही. परीक्षा असो, ईद असो, मामाच्या गावाला जायचे असो, यात खाडा नाही. आणि हे एका आठवड्याचे काम नव्हे. नीट सांभाळला तर बेडूक काही वर्षे जगतो.

इतके करूनही दोन गोष्टी पेटीत मावत नाहीत. मृगाच्या रात्री शिवारात उठणारी साद त्याला ऐकू येईल, पण तिच्याकडे जाता येणार नाही; आणि उन्हाळ्यात जमिनीत शिरून पडून राहण्याची त्याची रीत त्याला पाळता येणार नाही. शिवाय कायद्याचाही प्रश्न आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या चौथ्या परिशिष्टात बेडकांची नोंद होती. २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टांची फेरमांडणी झाली. रानातला जीव आणून घरात कोंडणे ही केवळ घरची बाब राहिलेली नाही. वनविभागाला न विचारता हा उद्योग करू नये, हे मुलालाही समजले पाहिजे.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकू. ते हलके नाही. आमचे काही सहकारी शिक्षक म्हणतात, मुलाने प्राण्याला हातच लावला नाही तर त्याच्या मनात माया कुठून येणार? आजचे मूल मोबाइलच्या पडद्यावर वाघ-सिंह पाहते आणि दारातल्या भेकाला चप्पल मारते. बरणीत बेडूक आणणारा मुलगा त्यापेक्षा हजारपटीने बरा. त्याला 'सोडून ये' म्हणून पाठवले तर त्याचे कुतूहलच मरेल. या म्हणण्याला सलीम अली यांच्या आयुष्याचा मोठा आधार आहे. मुंबईत १८९६ मध्ये जन्मलेला हा मुलगा मामांच्या घरी वाढला. लहानपणी त्याने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. अशा पक्ष्याचे मांस मुसलमानाला चालते काय, हा प्रश्न घेऊन तो मामांकडे गेला. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथल्या मिलर्ड साहेबांनी त्याच्यापुढे पक्ष्यांचे कप्पे उघडले आणि भारताला त्याचा सर्वांत मोठा पक्षीशास्त्रज्ञ मिळाला. जायज-नाजायजच्या प्रश्नातून एक मुसलमान मुलगा ज्ञानाच्या दारात गेला. आमच्या मुलाचा प्रश्नही त्याच जातीचा आहे, आणि त्याला झिडकारणारा शिक्षक काय गमावत असेल, कोण जाणे.

हे सारे आम्हाला मान्य आहे. मुलाचा आणि जिवाचा संबंध आलाच पाहिजे. पण संबंध येण्यासाठी मालकी हवीच का? याचे उत्तर सलीम अलींच्याच नात्यातील दुसऱ्या एका माणसाने दिले आहे. हुमायून अब्दुलअली (१९१४–२००१) हे नाव आपल्या समाजात फारसे कुणाला माहीत नाही. मुंबईतले हे निसर्ग अभ्यासक त्याच सोसायटीचे मानद सचिव होते. मुंबई राज्याच्या १९५१ च्या वन्यप्राणी-पक्षी संरक्षण कायद्यामागे त्यांचे मोठे काम होते. त्या काळात भारतातून बेडकांच्या तंगड्यांची निर्यात जोरात चालू होती. युरोप-अमेरिकेतल्या खाणावळींसाठी दरवर्षी हजारो टन तंगड्या जहाजाने जात. शेतातून पोत्यांनी बेडूक पकडले जात, अनेकदा जिवंतपणी तंगड्या कापून धड टाकून दिले जाई. देशाला परकीय चलन मिळत होते, पकडणाऱ्या गरिबाला चार पैसे सुटत होते. त्यामुळे विरोध करणारा वेडा ठरे. अब्दुलअली यांनी या व्यापाराचा अभ्यास केला आणि १९८५ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर सविस्तर लेख लिहिला. बेडूक पिकांवरचे किडे खातो, तो गेला की शेतकऱ्याला औषध विकत घ्यावे लागते, हा साधा हिशेब त्यांच्यासारख्यांनी सरकारपुढे ठेवला. अखेर १९८७ मध्ये भारताने ही निर्यात बंद केली.

या माणसाने किती बेडूक वाचवले असतील, त्याची मोजदाद होणार नाही. त्यासाठी त्यांना एकही बेडूक बरणीत ठेवावा लागला नाही. बेडकाला मारू नका, या चौदाशे वर्षांपूर्वीच्या हुकुमाचे पालन विसाव्या शतकात याहून मोठ्या प्रमाणावर आपल्या देशात कुणी केले असेल असे आम्हाला वाटत नाही. आमच्या मुलांना सलीम अलींचे नाव पाठ्यपुस्तकातून कळते. अब्दुलअलींचे नावही त्यांच्या कानावर पडले पाहिजे.

बेडूक उचलून दुसरीकडे नेण्यात आणखी एक धोका आहे, तो जुन्या फकीहांना माहीत असणे शक्य नव्हते. १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी बेडकांच्या कातडीवर वाढणाऱ्या एका जीवघेण्या बुरशीचे वर्णन केले. माणसाने व्यापारासाठी, प्रयोगशाळेसाठी, हौसेसाठी बेडूक देशोदेशी नेले आणि त्यांच्याबरोबर ही बुरशी गेली. २०१९ च्या एका जागतिक अभ्यासानुसार या रोगामुळे ५०१ जातींची संख्या घटली आणि त्यांतल्या ९० जाती नामशेष झाल्या असाव्यात. २०२३ च्या जागतिक पाहणीत उभयचरांच्या दर पाचांतल्या दोन जाती धोक्यात असल्याचे दिसले. आपल्या शेतातला तो पिवळा मोठा बेडूक माणसाबरोबर अंदमानात पोहोचला आणि तिथल्या लहान जिवांवर संकट झाला. म्हणून पाळून कंटाळा आल्यावर बेडूक कुठल्याही नाल्यात सोडून देणे, यालाही दया म्हणता येत नाही. जिथून उचलला, तिथेच परत. पाखराच्या पिलांबाबत मिळालेला हुकूम इथे विज्ञानाच्या बाजूनेही बरोबर ठरतो.

आता 'पाळणे' या शब्दाकडेच पाहू. मराठी माणूस जनावर पाळतो, वचन पाळतो, पथ्य पाळतो आणि वेळही पाळतो. पहिल्या ठिकाणी आपण मालक वाटतो; बाकी तिन्ही ठिकाणी आपण बांधलेले असतो. वचन पाळणारा वचनाचा मालक नसतो. उर्दूत 'पालना' म्हणताच 'पालनहार' आठवतो. कुरआनच्या पहिल्याच सूरहमध्ये अल्लाहची ओळख 'रब' या शब्दाने होते. कुरआनातील शब्दांचा कोश करणारे इमाम रागिब इस्फहानी 'रब' या शब्दाचा अर्थ तरबियतशी जोडतात: एखाद्या गोष्टीला टप्प्याटप्प्याने वाढवत तिच्या पूर्णतेला पोहोचवणे. आम्हाला हा अर्थ डबक्याच्या काठी उभे राहिल्यावर नीट कळतो. जेलीसारखी अंडी, मग शेपटीवाले भैरे, मग मागचे पाय, मग पुढचे पाय, मग शेपूट जिरते आणि एक दिवस इवलासा बेडूक काठावर चढतो. पाण्यात कल्ल्यांनी श्वास घेणारा जीव काही आठवड्यांत हवेत श्वास घेऊ लागतो. हे पाळणे चालू असते आणि पाळणारा कुठे दिसत नाही. त्याने कुणाला बरणीत घातलेले नसते. फक्त प्रत्येकाला त्याची जागा आणि त्याचे रिज्क दिलेले असते. माणसाला खलीफा म्हणतात तो या पाळण्यातला प्रतिनिधी म्हणून. प्रतिनिधीने मालकाची रीत सोडून स्वतःची बरणी काढणे शोभत नाही.

म्हणून मुलाला आमचे उत्तर असे: बेटा, बेडूक पाहुणा म्हणून येऊ दे, कैदी म्हणून आणू नकोस. पाहुण्याची खातिरदारी करायची असते, आणि पाहुण्याला केव्हाही निघून जाण्याचा हक्क असतो. जो जाऊ शकत नाही, त्याला पाहुणा म्हणत नाहीत. शाळेच्या आवारात, नळाच्या सांडपाण्यापासून दूर, एक उथळ खड्डा खणावा. एक बाजू उतरती ठेवावी म्हणजे पडलेला जीव वर येऊ शकेल. काठाला दगड रचावेत, थोडे गवत वाढू द्यावे. पहिल्या पावसाचे पाणी भरू द्यावे. बेडूक आपल्या पायांनी येतील. मग वही घेऊन बसावे: अंडी कधी दिसली, पाय कधी फुटले, कोणता आवाज कुणाचा. डासांच्या अळ्यांची भीती वाटणाऱ्यांनी पाण्यावर नजर ठेवावी, खड्डा लहान ठेवावा आणि पाणी सडू लागले तर बुजवावा. आरोग्याचाही हक्क आहेच. एवढ्या कामाला कुणाच्या मंजुरीची वाट पाहायची गरज नाही, मुख्याध्यापकांचा होकार पुरे.

विज्ञानाच्या शिक्षणाचीही या मार्गाने काही हानी होत नाही. एके काळी बेडूक चिरल्याशिवाय प्राणिशास्त्र शिकताच येत नाही असे मानले जाई. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन कमी करण्याच्या सूचना दिल्या आणि २०१४ मध्ये ते बंद केले. प्राणिशास्त्र काही बंद पडले नाही. मेलेल्या बेडकाच्या पोटात काय आहे ते चित्रात पाहता येते. जिवंत बेडूक काय करतो ते मात्र डबक्याकाठीच पाहावे लागते.

शाळेचा खड्डा ही सुरुवात. पुढे गाव आहे. आपल्यातले बरेच जण शेतकरी आहेत, नाहीतर शेतमजूर आहेत. फवारणीचा पंप नाल्यात किंवा डबक्यात धुऊ नये. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात पडलेल्या जिवाला गुळगुळीत काठावरून वर येणे कठीण जाते. एक जुना दोर, पोते किंवा जाळीची पट्टी काठावरून आत सोडून ठेवली तर त्याला आधार मिळतो. पावसाळ्याच्या रात्री बेडूक रस्ता ओलांडत असतात. गाडीचा वेग कमी केल्याने आपली चार मिनिटे जातात, त्यांचा जीव वाचतो. यातल्या एकाही कामाला पैसा लागत नाही.

आपल्या भागात पाऊस लांबला की गावातली पोरे कडुलिंबाच्या डहाळ्या काठीला गुंडाळून, त्यात बेडूक बांधून 'धोंडी' काढतात, घरोघर त्यावर पाणी ओतले जाते. आपण मैदानात जाऊन इस्तिस्काची नमाज अदा करतो, आणि त्या वेळी गुरेढोरेही सोबत न्यावीत असे अनेक फकीहांनी सांगितले आहे. इब्ने माजा यांच्या संग्रहातील हदीसनुसार तर माणसांच्या गुन्ह्यांमुळे थांबणारा पाऊस जनावरांसाठी पडतो. रीत निराळी आहे, पण पावसासाठी हात पसरताना दोन्ही समाजांना मुके जीव बरोबर असावेसे वाटले, ही लहान गोष्ट नव्हे. आपल्या एकट्याच्या तोंडून केलेल्या मागणीत तेवढा जोर नाही, हे दोघांनाही कुठेतरी ठाऊक होते. ज्यांच्या पुण्याईवर आपण पाणी मागतो, त्यांना पाण्याचा एक खड्डा शिल्लक ठेवणे हे उपकारात मोडत नाही. ते देणे आहे.

जून जवळ आला की प्रत्येक उर्दू शाळेत, प्रत्येक मोहल्ल्यात कुणीतरी मूल बरणी धुऊन ठेवत असेल. त्या मुलाच्या हातून बरणी हिसकावून घेण्याची गरज नाही. त्याच्या हातात कुदळ द्यावी आणि जागा दाखवावी. बाकीचे काम पाऊस करील.